कोबा ओतण्यापूर्वी : नव्या घरातील फ्लोअर हीटिंग आणि हीट पंप

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टुटगार्टजवळ आपले तळघर नसलेले, दोन मजली, 152 चौरस मीटरचे घर बांधून होत आले आहे. घरात आपण चौघे, आणि सातारचे आई-वडील वर्षातून एकदा तीन महिने राहायला येतात. त्यांना थंडी सोसत नाही. ठेकेदाराने दिलेल्या प्रस्तावात 11 किलोवॉटचा हवा-पाणी हीट पंप, गरम पाणी साठवणारी 300 लिटरची बफर टाकी, सर्व खोल्यांत फरशीखाली 15 सेंटिमीटर अंतराने नळ्या, 40 अंशांचे पाणी आणि प्रत्येक खोलीत थर्मोस्टॅट असे लिहिले आहे. कोबा ओतायला, म्हणजे इथल्या भाषेत एस्ट्रिश टाकायला, पाच आठवडे उरले आहेत. हा प्रस्ताव बरोबर आहे का आणि आता काय बदलता येईल, असे आपण विचारले आहे.

गेली अठरा वर्षे मी याच भागात हे नियोजन करतो आहे. प्रस्तावातील एकही वस्तू वाईट नाही, पण विचाराचा क्रम उलटा झाला आहे. आधी पंप निवडला, मग त्याला सांभाळून घेण्यासाठी टाकी ठेवली, आणि नळ्यांसाठी सगळीकडे चालणारा एक ठोकळ आकडा घेतला. वास्तविक सुरुवात खोल्यांपासून व्हायला हवी : प्रत्येक खोलीला किती उष्णता लागते, ती देण्यासाठी पाणी कमीत कमी किती गरम असले तरी चालेल, त्यासाठी नळ्या कशा टाकाव्यात, आणि या सर्वांची उत्तरे हाती आल्यावर पंप कोणता घ्यावा. पंप पंधरा-वीस वर्षांनी बदलता येतो. कोब्यात गेलेली नळी मात्र घराच्या आयुष्यभर तिथेच राहते.

पाण्याच्या तापमानावर मी एवढा भर देतो, कारण हीट पंप उष्णता तयार करत नाही. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून वरच्या तापमानाला नेऊन ठेवतो. विहिरीतून पाणी शेंदावे तसेच हे काम आहे : जितके उंच चढवाल तितके श्रम जास्त. पाणी एका अंशाने जास्त गरम करायचे म्हटले, की विजेचा खर्च ढोबळमानाने दोन ते अडीच टक्क्यांनी वाढतो. आपल्या घराला वर्षाला सुमारे 8,000 किलोवॉट-तास उष्णता लागेल असा माझा अंदाज आहे. पाणी 40 ऐवजी 33 अंशांवर भागले, तर साधारण 300 युनिट वीज, म्हणजे 30 सेंटच्या दराने वर्षाला 90 युरो वाचतात. ही फार मोठी रक्कम नाही. पण ती यंत्र चालेल तितकी वर्षे वाचत राहते, कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो, आणि त्यासाठी आज करावी लागणारी कामे बहुतांशी कागदावरचीच आहेत.

म्हणून पहिली मागणी अशी करा, की डीआयएन ईएन 12831 या मानकानुसार केलेली खोलीनिहाय उष्णताभाराची गणना, म्हणजे राउमवायझं हाइत्सलास्ट, लेखी द्यावी. 'दर चौरस मीटरला इतके वॉट' असा सरसकट आकडा म्हणजे गणना नव्हे. आपण पाठवलेल्या भिंती, छप्पर आणि खिडक्यांच्या माहितीवरून मी ढोबळ हिशेब केला. बाहेर उणे 12 आणि आत 20 अंश धरले, तर संपूर्ण घराला सुमारे 5.6 किलोवॉट लागतात. म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला की 175 वॉट. आई-वडिलांसाठी घर 23 अंशांवर ठेवायचे असेल तर फरक 32 वरून 35 अंशांवर जातो आणि भार 6.1 किलोवॉट होतो. ही तीन अंशांची गरज गणना करणाऱ्याला आत्ताच सांगा. मानकात राहत्या खोल्यांसाठी 20 अंश गृहीत असतात, आणि आपण काही बोलला नाहीत तर तोच आकडा धरला जाईल. मराठी घरांत ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे : यंत्रणा नियमाप्रमाणे निर्दोष असते, आणि आजी मात्र दोन स्वेटर घालून बसलेल्या असतात.

आता फरशीविषयी. फरशीचा पृष्ठभाग खोलीपेक्षा तीन अंशांनी गरम असेल, तर दर चौरस मीटरमागे साधारण 30 वॉट मिळतात. चार अंशांनी गरम असेल तर 40. आपल्या बहुतेक खोल्यांना 35 ते 40 वॉट लागतात. म्हणजे कडाक्याच्या थंडीतसुद्धा 20 अंशांच्या खोलीत फरशी 24 अंशांच्या वर जाणार नाही, आणि नोव्हेंबरातल्या साध्या दिवशी ती 21-22 अंशांवरच असेल. आपल्या तळपायाचे तापमान याहून अधिक असते, त्यामुळे अनवाणी चालताना फरशी ऊनऊन लागणार नाही. ती फक्त गार लागणार नाही. आपल्या घरांत सगळेच चपला दाराशी काढून वावरतात, म्हणून 'पायाला ऊब लागेल' अशी अपेक्षा मोठी असते आणि पहिल्याच हिवाळ्यात 'हीटिंग चालत नाही' असा फोन येतो. चांगले इन्सुलेशन असलेल्या घरात फरशी गरम लागत नसणे हे यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण आहे, हे घरातल्या सर्वांना आधी समजावून सांगा.

मग प्रस्तावात 40 अंश कुठून आले? माझ्या मते ते न्हाणीघरातून आले आहेत. वरच्या मजल्यावरचे आपले न्हाणीघर 9 चौरस मीटरचे आहे, त्याच्या दोन भिंती बाहेरच्या आहेत आणि तिथे 24 अंश हवेत. उष्णताभार सुमारे 480 वॉट. आता आराखड्यात बघा : टब, शॉवरचा बसका ट्रे, कमोड आणि बेसिनखालचे कपाट वगळले तर नळ्या टाकायला जेमतेम 5 चौरस मीटर उरतात. दर चौरस मीटरला जवळजवळ 100 वॉट काढायचे म्हटले, तर फरशी 33 अंशांवर न्यावी लागेल. न्हाणीघरासाठी मानकाने घालून दिलेली कमाल मर्यादाही हीच आहे. त्यासाठी पाणी 40 अंशांच्या वरच लागते. हीट पंप सर्व खोल्यांना एकाच तापमानाचे पाणी पाठवतो, त्यामुळे या एका खोलीपायी बाकीच्या 143 चौरस मीटरसाठी पाणी विनाकारण तापवले जाते आणि नंतर थर्मोस्टॅट लावून तेच अडवले जाते.

यावर उपाय एकच : उष्णता देणारे क्षेत्र वाढवा. बसक्या ट्रेऐवजी सपाट, टाइल्स लावलेला शॉवर करा आणि त्याच्याखालूनही नळ्या न्या. तिथे दीड चौरस मीटर मिळतो, शिवाय शॉवरची जमीन लवकर वाळते. टबाच्या वरच्या आणि शॉवरशेजारच्या आतल्या भिंतीत, गिलाव्याखाली, साडेतीन चौरस मीटर नळ्या बसवा. एकूण क्षेत्र 10 चौरस मीटर झाले की गरज निम्म्यावर, म्हणजे 48 वॉटवर येते आणि 34 अंशांच्या आसपासचे पाणी पुरते. गिलावा होऊन गेला असेल आणि भिंत फोडायची नसेल, तर दुसरा मार्गही प्रामाणिक आहे : न्हाणीघर पाण्यावर 22 अंशांपर्यंतच तापवा आणि अंघोळीच्या वेळी अर्धा तास विजेवरचा टॉवेल रॅक लावा. अर्ध्या तासाची ती वीज अख्ख्या घराचे पाणी हिवाळाभर सात अंश वर ठेवण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. मात्र टॉवेल रॅक हीट पंपाच्या पाण्यावर जोडू नका. 33 अंशांच्या पाण्यावर तो कोमट राहतो आणि टॉवेल टाकला की तेवढीही ऊब देत नाही.

नळ्यांमधले अंतर 15 ऐवजी 10 सेंटिमीटर घ्या. याचा फायदा अनेकदा फुगवून सांगितला जातो. आपल्या भाराला तो एक ते दीड अंशाचाच आहे. पण घरभर मिळून सुमारे 500 मीटर नळी आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे सर्व नळ्यांना पाणी वाटणाऱ्या जोडणीवर, काही जोड्या वाढतात, एवढाच त्याचा खर्च, आणि नंतर कितीही पैसे मोजले तरी हे करता येत नाही. 10 सेंटिमीटर अंतराला दर चौरस मीटरला 10 मीटर नळी लागते. एक वेटोळे 80 ते 100 मीटरच्या आत ठेवायचे असल्याने एका वेटोळ्यात साधारण 8 ते 9 चौरस मीटर बसतात. एका घरातली वेटोळी शक्यतो सारख्या लांबीची असावीत. 40 मीटरचे आणि 120 मीटरचे वेटोळे एकाच मॅनिफोल्डवर असले, तर पाणी सोपी वाट धरते आणि लांबचे वेटोळे उपाशी राहते.

फरशीवर काय घालणार, हे नळ्यांइतकेच महत्त्वाचे आहे. टाइल्स उष्णतेला जवळजवळ अडवत नाहीत. पूर्ण चिकटवलेले 10-15 मिलिमीटर जाडीचे लाकडी पार्केट चालते, पण टाइल्सच्या तुलनेत पाणी दोन-तीन अंश जास्त लागते. फोमच्या थरावर सुटे अंथरलेले लॅमिनेट मी टाळायला सांगतो, कारण मधली हवा इन्सुलेशनचे काम करते. आई-वडिलांच्या खोलीत ते जमिनीवर गादी घालून झोपतात, असे आपण ओघात लिहिले आहे. कापसाची जाड गादी दिवसभर तशीच अंथरलेली राहिली, तर तिच्याखालच्या तीन-चार चौरस मीटरमधून उष्णता वर येतच नाही. कोब्याला किंवा गादीला धोका काही नाही, कारण खालचे तापमान पाण्याच्या तापमानापलीकडे जाऊ शकत नाही. पण 14 चौरस मीटरच्या खोलीचा चौथा हिस्सा बाद होतो. सकाळी गादी गुंडाळून ठेवण्याची जुनी सवय इथे कामाची आहे. तसे होणार नसेल तर त्या खोलीचा हिशेब 10 चौरस मीटरवर करायला सांगा. सतरंजीने काही बिघडत नाही. जाड लोकरी गालिचाने बिघडते. स्वयंपाकघरात कपाटांखाली नळ्या नकोत, असे बरेच जण सांगतात. उंच फ्रिज आणि धान्याचे कपाट यांच्या जागा सोडून मी त्या टाकतो, कारण पुढेमागे ओट्याची रचना बदलतेच.

एक चूक माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत झाली, ती सांगतो, म्हणजे आपल्याकडे ती टळेल. मी मॅनिफोल्ड मार्गिकेच्या एका टोकाला ठेवला होता. दहा वेटोळ्यांच्या वीस नळ्या त्या 6 चौरस मीटरच्या मार्गिकेतून पुढे गेल्या. मार्गिकेला स्वतःची अशी गरज जवळजवळ नव्हती, पण त्या वीस नळ्यांनी ती 25 अंशांवर नेली आणि बंद करायला तिथे झडपच नव्हती. शेजारच्या कोठीत बटाट्यांना मोड यायचे. मला त्या कुटुंबाला उत्तर देता आले नाही, कारण तोवर कोबा ओतून झाला होता. तेव्हापासून मी प्रत्येक मजल्यावर वेगळा मॅनिफोल्ड आणि तोही शक्य तितका मध्यभागी घेतो. आतून जाणाऱ्या नळ्या मार्गिका टाळून भिंतीला भोक पाडून थेट शेजारच्या खोलीत नेतो, आणि जिथे गर्दी टळत नाही तिथे गरम पाणी नेणाऱ्या नळ्यांवर इन्सुलेशनची बाही चढवतो. मार्गिकेला वेगळे वेटोळे देत नाही. आपल्या आराखड्यात खालचा मॅनिफोल्ड मुख्य दाराशी दाखवला आहे; तो जिन्याखाली हलवायला सांगा.

इतके झाल्यावर पंपाचा आकार आपोआप ठरतो. घराला 6.1 किलोवॉट आणि सहा माणसांच्या गरम पाण्यासाठी साधारण दीड किलोवॉट मिळून गरज साडेसात किलोवॉटची होते, आणि तीही वर्षातल्या मोजक्या रात्रींपुरती. त्या रात्री यंत्रातली विजेची कॉइल थोडी मदत करेल, त्याला घाबरू नये. बाहेर 7 अंश असतील तेव्हा आपल्या घराला, ऊन आणि माणसांची ऊब वजा जाता, दीड ते दोन किलोवॉटच लागतात. 11 किलोवॉटच्या अनेक यंत्रांना साडेतीन-चार किलोवॉटच्या खाली उतरता येत नाही. मग कॉम्प्रेसर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो, दिवसभर, हिवाळाभर. म्हणून उणे 12 अंश बाहेर आणि 35 अंशांचे पाणी या स्थितीत 6 ते 7 किलोवॉट देणारे, आणि खाली दोन किलोवॉटपर्यंत उतरणारे यंत्र घ्या. माहितीपत्रकातल्या नावापुढच्या आकड्याकडे न पाहता, त्याच्या आतल्या तक्त्यातील या दोन नोंदी बघा.

300 लिटरची बफर टाकी प्रस्तावात बहुधा मोठ्या पंपाला आवरण्यासाठीच आली असावी. तिच्यात जाणारे आणि परतीचे पाणी थोडे मिसळते, त्यामुळे नळ्यांपर्यंत 33 अंश पोचवायला पंपाला 35-36 अंश करावे लागतात; शिवाय पाणी फिरवणारा एक जादा पंप आला आणि जागाही गेली. आपल्या कोब्याचेच वजन पंधरा टनांच्या घरात असेल. उष्णता साठवायला याहून चांगली टाकी कोणती? सर्व वेटोळी खुली असतील तर पंपाला लागणारा पाण्याचा प्रवाह आणि बाहेरच्या युनिटवरचे बर्फ वितळवायला लागणारी उष्णता थेट फरशीतून मिळते. यंत्रनिर्मात्याची अटच असेल, तर परतीच्या वाटेवर 50 लिटरची छोटी टाकी पुरते.

'सर्व वेटोळी खुली' म्हटले, की थर्मोस्टॅटचा प्रश्न येतो. जर्मनीच्या इमारत-ऊर्जा कायद्यात खोलीनिहाय नियंत्रण बंधनकारक आहे. फ्लोअर हीटिंग असलेल्या 6 चौरस मीटरहून लहान खोल्या तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. सूट मागण्याचा मार्ग आहे, पण तो वेळखाऊ आहे. मी असे करायला सांगतो : थर्मोस्टॅट बसवा, ते हव्या असलेल्या तापमानाच्या दोन अंश वर लावून ठेवा, आणि खरे नियंत्रण बाहेरच्या हवामानानुसार पाण्याचे तापमान बदलणाऱ्या आलेखाकडे, म्हणजे हाइत्सकुर्व्हंकडे, सोपवा. कमी तापमानाची फरशी स्वतःलाच आवरते. फरशी 23 अंश आणि खोली 20 अंश असताना ऊन येऊन खोली 22 झाली, की फरशीतून येणारी उष्णता आपोआप तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते. निजायची खोली 17 अंशांवर ठेवायची इच्छा मात्र अशा घरात सहसा पुरी होत नाही. आतल्या भिंतींना इन्सुलेशन नसते आणि शेजारच्या खोल्या तिला ऊब देत राहतात, हे आधीच माहीत असावे.

बाहेरच्या युनिटची जागा दोन गोष्टींनी ठरते. सर्वसाधारण निवासी भागात रात्री शेजाऱ्याच्या खिडकीपाशी 40 डेसिबल, आणि निव्वळ निवासी भागात 35 डेसिबल ही मर्यादा आहे. दोन भिंतींच्या कोपऱ्यात यंत्र ठेवले की आवाज वाढतो. दुसरे म्हणजे, शीतक, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता वाहणारा वायू, प्रोपेन असेल तर तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून यंत्राभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात दारे, खिडक्या किंवा गटाराचे तोंड चालत नाही. खाली निचऱ्यासाठी न गोठणारा खडीचा खड्डा हवा. उन्हाळ्यात याच नळ्यांतून 19-20 अंशांचे पाणी फिरवून घर दोन-तीन अंश थंड करता येते. एसीची सर त्याला येत नाही, पण स्टुटगार्टच्या जुलैत ते पुष्कळ आहे. त्यासाठी थंडाव्यालाही चालणारे थर्मोस्टॅट, दवबिंदूचा सेन्सर आणि मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्यांवर वाफ अडवणारे इन्सुलेशन आत्ताच मागा.

आता या पाच आठवड्यांचे. पहिल्या आठवड्यात खोलीनिहाय गणना आणि तिच्यावरून केलेला नळ्यांचा आराखडा मागवा. त्यात प्रत्येक वेटोळ्याची लांबी, मिनिटाला किती लिटर पाणी, आणि फरशीचे आवरण उष्णतेला किती अडवते याचा धरलेला आकडा लिहिलेला असला पाहिजे. न्हाणीघराचा निर्णय त्याच आठवड्यात घ्या, कारण गिलावा करणारा आणि प्लंबर दोघेही त्यावर अडून आहेत. पंपाची ऑर्डर गणना येईपर्यंत थांबवून ठेवा. कोब्याला पंपाची वाट पाहावी लागत नाही. नळ्या टाकून झाल्या की दाबाची चाचणी आपल्यासमोर होऊ द्या आणि कोबा ओततानाही नळ्यांत दाब ठेवायला सांगा, म्हणजे कुणाच्या बुटाखाली किंवा फावड्याने नळी फुटली तर मीटरचा काटा लगेच खाली येईल. आदल्या संध्याकाळी प्रत्येक खोलीत मोजपट्टी जमिनीवर पसरून वरून फोटो काढा. पुढे दाराचा अडसर किंवा देव्हाऱ्याचा चौथरा जमिनीत स्क्रूने बसवायचा झाला, तर नळी कुठे आहे हे तेच फोटो सांगतील.

सिमेंटचा कोबा 21 दिवस आणि कॅल्शियम सल्फेटचा 7 दिवस झाल्याशिवाय तापवू नये. मग 25 अंशांचे पाणी तीन दिवस आणि नियोजित कमाल तापमान चार दिवस चालवून नोंदवही भरून घ्यायची. त्यानंतर कोब्यातला ओलावा मोजूनच पार्केट घाला. या पायरीला घाई केलेली पार्केट मी उखडलेली पाहिली आहेत. पहिल्या हिवाळ्यात, बाहेर गोठवणारी थंडी असताना, सर्व थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आणि पाण्याचा आलेख दर दोन दिवसांनी एक अंशाने खाली आणा. कोबा संथ असतो, त्याच दिवशी परिणाम दिसत नाही. सर्वांत थंड खोलीला जेमतेम हवे ते तापमान मिळू लागले की तिथे थांबा, आणि ज्या खोल्या जास्त गरम होत असतील त्यांचा प्रवाह मॅनिफोल्डवर थोडा थोडा आवळा. आई-वडील येण्याच्या दोन दिवस आधी तोच आलेख तीन-चार अंशांनी वर घ्या, म्हणजे ते दारात पाऊल ठेवतील तेव्हा घर 23 अंशांवर पोचलेले असेल.